फुकटच्या इंधनाचा हिशेब

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. मधेच सोडलीत तर मी या कल्पनेच्या विरोधात आहे असं वाटेल. मी विरोधात नाही. गेली तीन वर्षं मी स्वतः तेच करतोय, म्हणून तर बोलतोय.

गेल्या महिन्यात आमच्याकडे, देवगड तालुक्यात, एक बैठक झाली. विषय होता फळांच्या साली आणि लाकडाचा भुसा यांपासून जळणाच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, बनवण्याचा. स्लाइडवर एका बाजूला आंब्याच्या सालींचा ढीग, दुसऱ्या बाजूला हसणाऱ्या बायका. "कच्चा माल फुकट, इंधन फुकट, महिलांना घरबसल्या रोजगार." शेवटी मशीनचं कोटेशन आणि सबसिडीची टक्केवारी. टाळ्या झाल्या.

मी हात वर करून विचारलं, "साहेब, फुकट कसं?"

उत्तर साहेबांनी दिलं नाही. मागच्या रांगेतून आलं. "तुमच्यासारख्या निगेटिव्ह माणसांमुळेच कोकण मागे राहिलं."

तेव्हा गप्प बसलो. आता सविस्तर सांगतो.

२०२० मध्ये लॉकडाऊनला मुंबईहून गावी आलो आणि राहिलो. २०२२ पासून घराच्या मागच्या पडवीत आम्ही कॅनिंगच्या आंब्याचा रस काढून भरतो. आई, काकी, वहिनी आणि बचत गटातल्या चौघी. सीझन जेमतेम सहा आठवड्यांचा. एप्रिल संपता संपता सुरू, जूनच्या आधी बंद. रस घेतल्यावर आंब्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी साल आणि बाठा म्हणून मागे उरतो. पहिल्या वर्षी तो परसातल्या खड्ड्यात टाकला. चार दिवसांत माश्या, आठ दिवसांत वास, पंधराव्या दिवशी शेजारी भांडायला. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

दुसरीकडे घरात जळण हवंच होतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, नंतर आमच्या वाडीतही गॅस जोडण्या आल्या. पण गॅस स्वयंपाकघरात थांबला, न्हाणीत गेला नाही. आंघोळीचं पाणी, उकड्या तांदळाचं भात उकडणं, गुरांचं आंबोण, हे सगळं अजून चुलीवरच. चुडतं, सोडणं आणि लाकूडफाटा. आई सत्तरीला टेकलीय, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत वाकून वाकून काटक्या गोळा करून पावसाची बेगमी करते. उरलेलं लाकूड विकत. ते लाकूड कुठल्या कलमाचं, कुठल्या रायवळचं, कुणाच्या सड्यावरचं, हे कोणी विचारत नाही.

म्हणजे एका बाजूला नको असलेला ढीग, दुसऱ्या बाजूला हवं असलेलं जळण. यात ब्रिकेट न सुचेल तरच नवल.

आणि ही काही परदेशी कल्पना नाही. माझी आजी परळच्या चाळीत राहायची. वखारीतून कोळशाची चुरी आणायची, शेणात कालवून तिचे गोळे थापायची आणि गॅलरीत वाळवायची. भुशाची शेगडीही होती तिच्याकडे. मधे बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद उपसून काढायची. त्या भोकातून हवा वर चढते आणि शेगडी तासन् तास जळत राहते. ज्यांचं बालपण चाळीत गेलं त्यांना हे आठवत असेल. ही बाटली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२३ मध्ये मी युगांडातल्या कंपाला शहराचा एक व्हिडिओ पाहिला. तिथे मातोके, म्हणजे शिजवून खायची केळी, हे रोजचं अन्न. त्याच्या साली वाळवायच्या, कमी हवेत जाळून त्यांचा कोळसा करायचा, कसाव्याच्या खळीत मळून वड्या पाडायच्या. मला वाटलं, केळं ते केळं, आंबा तो आंबा.

पहिला प्रयोग साधा होता. साली खळ्यात पसरल्या, वाळल्या की भुशात मिसळून थापायच्या. आंब्याची साल गोड, चिकट. वरून वाळल्यासारखी वाटे, उलटली की खालून ओलीच. मुंग्या आल्या, मग बुरशी. वहिनी आणि गटातली एक बाई दिवसातून तीन वेळा खळ्यात वाकून साली उलटत होत्या, तेही रस काढायचं काम सांभाळून. काकी एकदा म्हणाली, "अरे, पावस काय तुका फोन करून येतलो?"

पाऊस फोन न करताच आला. अर्ध्याहून जास्त माल पुन्हा खड्ड्यात.

त्यानंतर मी वजनकाटा घेऊन बसलो. आधी बसायला हवं होतं. १०० किलो ताजी साल वाळवली की २० ते २५ किलो उरते. बाकी सगळं पाणी. त्या २५ किलोंचा कोळसा केला तर हातात सहा किलो येतो, फार तर सात. म्हणजे आपण १०० किलोचा ढीग बघून खूश होतो, तेव्हा प्रत्यक्षात ७५ किलो पाण्याकडे बघत असतो. ते पाणी कोणीतरी काढायचं असतं. उन्हाने काढलं तर ऊन फुकट, पण पसरणारे, उलटणारे, ढग आले की पळत जाऊन गोळा करणारे हात फुकट नाहीत.

पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला. २००२ साली त्याला आंतरराष्ट्रीय ॲशडेन पुरस्कार मिळाला. मोठं काम. पण पाचट शेतातच वाळलेलं असतं. हा फरक मला एक सीझन वाया घालवून कळला. त्याच संस्थेला २००६ मध्ये दुसऱ्यांदा ॲशडेन मिळाला तो छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी, ज्यात उष्टं-खरकटं आणि पिठूळ-गोड कचरा घालतात. म्हणजे कोरड्याचा कोळसा करा आणि ओल्या-गोडाचा गॅस करा, हे उत्तर आपल्याच राज्यात वीस वर्षांपूर्वी मिळालं होतं. मी बघत होतो कंपालाकडे.

२०२४ ला कोळसाच करायचा ठरवला, पण सालींऐवजी मुख्यतः वाळलेल्या बाठ्यांचा आणि सॉ मिलमधल्या ढलप्यांचा. २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम, तळाला भोकं. माल भरून वरून पेटवायचा, म्हणजे धुराचा बराच भाग वरच्या ज्वाळेतच जळून जातो. आधी पांढरा दाट धूर येतो, त्यात वाफच जास्त. तो विरळ, निळसर झाला की तळाची भोकं मातीने लिंपायची आणि झाकण बंद करायचं. घाई करून उघडलं तर सकाळी हाती राख. कोयीच्या पिठाची खळ शिजवली, दहा वाटी भुकटीला एक वाटी पीठ. गोळे झकास झाले. वाजवले की खणखण वाजत.

मी आनंदात हिशेब मांडला. भुसा एवढा, ड्रम एवढा, किलोमागे खर्च अमुक. आमच्या ओसरीवर वाचून दाखवला. काकी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुझ्या हिशोबात माझे हात खंय आसत रे बाबा?"

नव्हते. खरंच नव्हते. मजुरीच्या ओळीत मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण 'घरचीच माणसं'.

त्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो, कारण कुणाचा तरी जीव वाचेल. या कोळशाला धूर नाही म्हणून आईने जुलैतल्या एका सकाळी शेगडी न्हाणीच्या आत घेतली. बाहेर धो धो पाऊस, म्हणून दार-खिडकी बंद. दहा मिनिटांत तिचं डोकं जड झालं, पाय लटपटले. वहिनीला भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून ती धावली. बाहेर हवेत आणल्यावर आई तासाभराने सावरली. आम्ही सुटलो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. धूर निदान सांगून तरी येतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे मीच घरात सगळ्यांना सांगितलं होतं. बैठकीतल्या स्लाइडवर 'धूरविरहित' हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. 'बंद खोलीत वापरू नका' ही ओळ कुठेच नव्हती.

आता खरा हिशेब. वही-पेन घ्या, शाळेतलंच गणित आहे.

एक बादली म्हणजे २० लिटर पाणी. २५ अंशांचं ४५ अंशांवर न्यायचं. लागणारी उष्णता २० गुणिले २०, म्हणजे ४०० किलोकॅलरी. बऱ्यापैकी वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ३,६०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सव्वाशे ग्रॅम लाकूड पुरायला हवं. प्रत्यक्षात उघड्या चुलीत दहातले नऊ हिस्से उष्णता भिंतींना आणि आभाळाला जाते. म्हणून बादलीला एक किलो लाकूड. आमच्याकडे गेल्या वर्षी विकतचं लाकूड किलोला सात रुपये पडलं. म्हणजे बादली सात रुपये.

गॅस? एक किलोत साधारण ११,००० किलोकॅलरी, आणि शेगडीवर त्यातले निम्म्याहून जास्त पाण्यात उतरतात. बादलीला साधारण ६० ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरवरून किलोला ६० रुपये धरले, तर बादली चार रुपयांच्या आत.

पुन्हा वाचा. गॅस स्वस्त निघाला.

मग सगळी वाडी लाकूड का जाळते? कारण गॅसचे पैसे एकरकमी, रोख, घरातल्या पुरुषाच्या खिशातून जातात. लाकडाचे पैसे आईच्या कमरेतून जातात, आणि त्याची पावती मिळत नाही. जिथे मजुरी मोजतात तिथे गॅस स्वस्त, जिथे मोजत नाहीत तिथे लाकूड स्वस्त. आणि ब्रिकेट 'फुकट' होते तीही इथेच, त्याच न मोजलेल्या हातांतून.

कोळशाचा हिशेब तर आणखी वाईट. चार किलो वाळलेला माल जाळून एक किलो कोळसा मिळतो. चार किलोंत १४,४०० किलोकॅलरी होत्या, एक किलो कोळशात ७,०००. अर्धी उष्णता ड्रममधूनच गेली. इस्त्रीवाला, ढाबेवाला कोळशाचा भाव देत असेल तर हे परवडतं. कंपालातही ते जमतं, कारण तिथे घरोघरी लाकडी कोळशावर स्वयंपाक होतो, त्यामुळे भाव आणि गिऱ्हाईक आधीपासून आहे. पण आंघोळीच्या पाण्यासाठी कोळसा करणं म्हणजे ताक करून पुन्हा लोणी शोधण्यासारखं.

मग २०२५ ला आम्ही उलटं केलं. साल हे जळण नाही, साल हा डिंक आहे, असं धरलं. सालीत पेक्टिन असतं, ज्याने जॅम घट्ट होतो तेच. साली दोन-तीन दिवस भिजवून कुजवल्या, पायाने तुडवून लगदा केला, आणि चार घमेली भुशाला एक घमेलं लगदा, मूठभर शेण. भुसा मुळात बराच कोरडा, त्यामुळे उन्हाने काढायचं पाणी कितीतरी कमी. लोहाराकडून दांड्याचा साधा दाबसाचा करून घेतला, उभ्याने काम करता येईल अशा उंचीचा. मधे भोक ठेवलं, मेदूवड्यासारखं. आजीची बाटली ती हीच. भोकामुळे वडा आतूनही वाळतो आणि जळताना हवा खेळते. बाकीची साल गांडूळखताला.

वीस मेपर्यंतचे वडे चार दिवसांत खडखडीत वाळले. नंतरचे गेले. त्या वर्षी मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला होता. तेव्हापासून आमचा नियम आहे, पंधरा मेनंतर वडे पाडायचे नाहीत, आणि जे पाडले ते प्लास्टिकच्या कागदाखालच्या मांडवात.

या वेळी हिशेबात काकीचे हात धरले. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तोच लावला. दोघी बायका, भिजवण्यापासून पोत्यात भरण्यापर्यंत सगळं मिळून एक पूर्ण दिवस, त्यात ८० किलो वाळलेले वडे. मजुरी ६२४, म्हणजे किलोला आठ रुपयांच्या आत. भुसा किलोला दोन रुपये, कारण तोही आता फुकट राहिला नाही, पांढरा कोळसा बनवणारे कारखाने पोती भरून नेतात. मिळून दहा रुपये किलो. चुलीवर बादलीला ७०० ग्रॅम लागले. म्हणजे सात रुपये. विकतच्या लाकडाशी बरोबरी. बस्स, एवढीच. तीन वर्षांच्या खटाटोपानंतर बरोबरी.

मग आईनेच सुचवलं. माळ्यावर तिच्या लग्नातला तांब्याचा बंब पडून होता. मधे जाळाची नळी, भोवती पाणी. खाली उतरवला, कल्हई-डाग करून घेतला आणि उघड्या पडवीत ठेवला. त्यात तेच वडे घातले. बादलीला ४०० ग्रॅम. चार रुपये. गॅसची बरोबरी झाली. ती कुठल्या मशीनने केली नाही. केली जुन्या बंबाने आणि वाळलेल्या जळणाने.

पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो वडे. पावसाचे चार महिने म्हणजे २४० किलो. दोघींचं तीन दिवसांचं काम. मजुरी १,८७२ रुपये, ती यंदा आम्ही रोख दिली. गटातल्या बायकांनाही आणि काकीलाही. काकीने नोटा दोनदा मोजल्या. पुतण्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. घरच्या कामाचे पैसे तिने आयुष्यात पहिल्यांदा मोजले, म्हणून.

आई यंदा काटक्यांना गेली नाही. म्हणजे एकदा गेली, सवयीने. पण भारा बांधून आणला नाही.

तर त्या बैठकीबद्दल. मशीनला माझा विरोध नाही. पण ज्या कोटेशनवर टाळ्या वाजल्या ते मी नंतर मागून घेऊन वाचलं. त्यात प्रेस होता, क्रशर होता, थ्री-फेज मीटर होता. सुकवणीची शेड नव्हती. अशा दाबाच्या मशीनला माल साधारण दहा टक्के ओलाव्याचा लागतो, हे त्याच कागदावर बारीक अक्षरांत होतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वाळत घातलेला टॉवेल वाळत नाही, तिथे साल दहा टक्क्यांवर कोण आणणार? आणि मजुरीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गट सदस्यांचे श्रमदान'.

माझं म्हणणं एवढंच. आधी सुकवणीची शेड द्या, मग मशीन. प्रकल्प अहवालात बायकांच्या श्रमाला निदान रोजगार हमीचा दर लावा, आणि तरीही परवडत असेल तरच त्याला 'परवडणारं इंधन' म्हणा. इंधनाच्या आधी चुलीकडे, बंबाकडे बघा. आणि कोळशाच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिलं वाक्य 'बंद खोलीत नको' हे असू द्या.

एवढं करून आकडे जुळले, तर रिबन कापायला मी स्वतः कात्री घेऊन येतो. हे निगेटिव्ह असेल तर असो.

तुमच्याकडे काजू, फणस, संत्रं, केळी, काहीही असेल आणि कोणी असं काही करून बघितलं असेल, तर खाली लिहा. फक्त यश नको, वजनं लिहा. ओलं किती, वाळून किती उरलं, किती दिवस लागले, आणि कोणाचे हात होते.